शेवटच्या पंगतीचं ताट

माझं वजन एकशे सहा किलो होतं तोवर लोकांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. मी लग्नाचा आचारी. काष्टीत राहतो, आणि श्रीगोंदा-कर्जतच्या पट्ट्यातल्या लग्नांत गेली तीस वर्षं चुलीपुढे उभा आहे. आचाऱ्याचं पोट सुटलेलं असलं की लोकांना बरं वाटतं. बारीक आचारी दिसला की पोरीच्या बापाच्या मनात पाल चुकचुकते, हा स्वतःच्या हातचं का खात नाही म्हणून.

आता माझं वजन एकोणनव्वद आहे. ते उतरलं आठवड्यातून एकदा पोटात टोचायच्या औषधाने. त्यामुळे हल्ली मला स्वयंपाकाचे कमी आणि त्या इंजेक्शनचे फोन जास्त येतात. "नाना, ते सुईचं पेन कसं हाय? तरास हुतो का?" दर वेळी तेच सांगून जीभ दुखायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो. यात माझा पराक्रम कुठेही नाही. मी गाढवपणा केला आणि दुसऱ्या कुणीतरी निभावून नेलं, एवढीच गोष्ट आहे.

*

आधी आमच्या धंद्याची रीत सांगतो, कारण माझी चूक त्या रीतीतूनच झाली.

हे काम मी मामांकडून शिकलो. मामांचा नियम असा, की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्याने कशालाही जीभ लावायची नाही. मीठ कमी की जास्त, कांदा झाला की कच्चा, पाक आला की नाही, सगळं नाकाने आणि डोळ्याने ओळखायचं. दुसरा नियम, सगळी माणसं जेवून उठेपर्यंत आचाऱ्याने जेवायचं नाही. पहाटे चूल पेटली की दुपारी तीन-साडेतीनपर्यंत नुसता चहा. मग शेवटची पंगत बसते. त्या पंगतीत आचाऱ्याला मानाचा पाट. मुलीचा बाप स्वतः वाढतो, आग्रह करतो, आणि उरलेसुरले पाव्हणे उभे राहून बघतात. आचारी पोटभर जेवला, ताटात काही टाकलं नाही, म्हणजे स्वयंपाक खरा. मग नारळ, टॉवेल, टोपी, आणि पुढच्या दोन लग्नांची बोलणी तिथेच मांडवात होतात.

माझी बायको हिरा माझ्याबरोबरच येते. ती पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची मुकादम. त्या मांडवाच्या मागच्या अंगाला बसतात, कढईपासून आठ-दहा हातांवर. त्यांचं जेवण तिथेच, बसल्या जागी. मानाच्या पाटाचा आणि त्यांचा काही संबंध नसतो. तीस वर्षांत मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

*

मला शुगर आहे हे कळलं ते पायावर तेल उडाल्यामुळे. बुंदी पाडताना झाऱ्यावरून गरम तेल पावलावर आलं. असे डाग आमच्या अंगावर पन्नास असतात. त्यावर हळद दाबली आणि विसरलो. दीड महिना झाला तरी डाग ओलाच. हिराने मला जवळजवळ ओढतच नगरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पाय बघायच्या आधी बोटातून रक्त घेतलं, आणि यंत्राकडे बघून म्हणाल्या, "हे आजचं नाही नाना, चार-पाच वर्षांचं असणार."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. मामांना शुगर होती. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची दोन वर्षं ते खाटेवर बसून मला विचारायचे, आज कुणाचं लग्न होतं, किती माणूस उठलं. ते गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्याच पावलाकडे बघत रडलो. हिरा शेजारी उभी होती. ती रडली नाही. ती परत आत गेली आणि मॅडमना विचारून आली, सकाळी काय द्यायचं, दुपारी काय, भाकरी किती.

वर्षभर गोळ्या घेतल्या. डाग भरला, पण साखर हटवादी निघाली आणि वजन तसंच. मग मॅडमनी हे इंजेक्शन सुचवलं. त्यांनी नीट समजावलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सुरुवातीला मळमळेल, भूक मरेल, थोडं थोडं खा, पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा, उलट्या झाल्या तर लगेच फोन करा. मी मान हलवत होतो. मनात एवढंच होतं, की पाय राहिला पाहिजे.

*

पहिलं इंजेक्शन हिराने दिलं. उकळत्या तेलात पळी फिरवणारा माझा हात त्या केसाएवढ्या सुईकडे जायला धजेना. "बगू हिकडं," म्हणाली, पोटाची चिमूट धरली आणि टोचून मोकळी झाली. मला कळलंसुद्धा नाही. मग पेन फ्रीजच्या दारात, दह्याच्या भांड्याशेजारी.

औषधाला नावं ठेवणार नाही. त्याने काम केलं. महिनाभरात उपाशीपोटीची साखर कधी नव्हे ती ताळ्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा मला पुरे वाटायला लागलं. अर्धी भाकरी खाल्ली की बस. ही गोष्ट मला नवलाची होती, कारण पुरे हा शब्द मी फक्त पंगतीत दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला.

पण त्रासही होता, आणि तो मी कुणाला सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी घशाशी काहीतरी येऊन बसायचं. सडक्या अंड्यासारखे ढेकर, ते चारचौघांत यायला लागले की जीव अर्धा व्हायचा. पोट तीन-तीन दिवस साफ नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी पोटात तशीच बसलेली आहे असं वाटायचं. हेही सगळं सोसलं असतं. सोसवलं नाही ते नाकाचं. फोडणीचा वास, ज्यावर मी तीस वर्षं भाकरी कमावली, तो आला की पोट ढवळून निघायचं. कांदा तेलात पडला की मी तोंड फिरवायचो. आता कांदा झालाय की कच्चा आहे, हे मला उमगेना. नाक असून नसल्यासारखं झालं. सांगणार कुणाला? फोडणी न सोसणारा आचारी म्हणजे विनोदच.

मॅडमनी फोनवर विचारलं, काही त्रास? म्हटलं, "काय न्हाई, एकदम झकास." त्यांनी ठरल्याप्रमाणे पुढचा डोस वाढवला.

हिराला मात्र कळलं होतं. एका लग्नात लाटलेल्या पुऱ्यांची परात घेऊन ती कढईपाशी आली आणि जाता जाता पुटपुटली, "कांदा झालाय. आता मसाला टाका." मी चमकून बघितलं. ती परत जाऊन लाटायला बसलीसुद्धा. त्यानंतर प्रत्येक लग्नात परात घेऊन यायची तिची वेळ नेमकी साधायची. आम्ही दोघांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी तर मनाशी म्हणत होतो, तिला योगायोगानेच सुचतंय.

*

डोस वाढवला त्याच आठवड्यात कर्जत तालुक्यातल्या एका गावात मुरलीअण्णांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मुरलीअण्णा तिथले मोठे शेतकरी, माणूस दिलदार. हजार-बाराशे पान. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, आमटी-भात, मठ्ठा.

गुरुवारी इंजेक्शन झालं, शनिवारी लग्न. पहाटेपासून मी दोन कप चहावर होतो. भूक नव्हतीच. उलट खूश होतो, की चला, उपास आपोआप होतोय. साखर उतरवायची सकाळची गोळी मात्र नेमाने घेतली होती. ऊन चढलं तसं डोकं हलकं व्हायला लागलं. हात थरथरत होते. वाटलं, चुलीची धग असेल.

साडेतीनला शेवटची पंगत बसली. अण्णांनी हाताला धरून मला पाटावर बसवलं. ताट वाढलं. वास आला आणि आतून सगळं वर आलं, ते गिळलं. तेव्हाच म्हणायचं होतं, अण्णा, आज बरं नाही. पण समोर पन्नास-साठ माणसं उभी. तीस वर्षांत मी मानाच्या ताटात शीत टाकलं नव्हतं.

"नाना, बुंदी घ्या."

"बास अण्णा."

"बास कसं? पोरीच्या लग्नाची हाय. आमच्या गळ्याची आन हाय तुमाला."

आणि त्यांनी दोन ओंजळी भरून वाढली. मी खाल्ली. सगळी नाही, पण पोटात जागा नसताना जेवढी कोंबता येईल तेवढी. मग पाण्याच्या टाकीपर्यंत जायला उठलो. तिथवर पोचलो नाही. मांडवाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, खाल्लेलं सगळं बाहेर पडलं आणि मीही पडलो.

बेशुद्ध नव्हतो. गालाला माती लागत होती आणि कान शाबूत होते. पहिला आवाज कुणाचा होता माहीत नाही. "आचाऱ्यालाच बाधलं." मग दुसरा, "पुढं गेलेल्या वऱ्हाडाला फोन लावा, बसमधी बारकी पोरं हायेत." मग गलका. कुणीतरी बुंदीचं पातेलं ओतून द्या म्हणालं. अण्णांचा चेहरा मी खालून बघितला. पोरीची पाठवणी अर्ध्या तासावर, आणि हजार माणसाच्या जेवणात विष निघालं असं ज्याला वाटतंय त्या बापाचा चेहरा. मला मरण आलं तर बरं असं त्या क्षणी खरंच वाटलं. माझं नाव, मामांचं नाव, सगळं त्या मातीत गेलं होतं.

हिरा आली. हात कोपरापर्यंत पिठाचे. तिने मला कुशीवर वळवलं, पदराने तोंड पुसलं, गालाच्या आत साखर चोळली आणि एका बाईला माझ्यापाशी बसवलं. "जीप आना," म्हणाली. जीप गावाच्या वेशीपाशी होती, गर्दीतून यायला पाच मिनिटं लागणार होती.

त्या पाच मिनिटांत तिने जे केलं ते मी जमिनीवरून बघितलं. ती सरळ चालत गेली आणि माझ्या मानाच्या पाटावर बसली. माझं उष्टं ताट पुढे ओढलं. गलका एकदम थांबला. तिने पुरी तोडली, भाजीला लावली, खाल्ली. आमटी-भात कालवला, खाल्ला. मग उरलेली बुंदी. घाईघाईने नाही. एकेक घास, नीट चावून. मधे मान वर करून म्हणाली,

"ह्यांना शुगर हाय. आठवड्याला सुई घेत्यात. डाक्टरनी सांगितलंय थोडं थोडं खा. ह्यांनी दिसभर उपास काढला आन् आता वर अर्धा किलो बुंदी. ह्यात बुंदीचा दोष न्हाई अण्णा. ह्या मानसाचा हाय."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. एक म्हातारी म्हणाली, "वाढा गं मला बी बुंदी." अण्णांनी स्वतः मूठभर तोंडात टाकली. हिराने ताट बोटाने पुसून घेतलं, हात धुतला, आणि जीप आली तशी माझं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली.

*

कर्जतला सलाईन लावलं, तिथून नगर. साखर पार खाली गेली होती, अंगातलं पाणी आटलं होतं, आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. तीन दिवस दवाखान्यात. पहिल्या दिवशी खिडकीतून कॅन्टीनच्या तळणाचा वास यायचा. मी काही बोललो नव्हतो, तरी सिस्टरनी माझी खाट आपणहून दुसऱ्या टोकाला हलवली. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुमच्या कागदावर धंदा असं लिहिलंय. कसला धंदा?"

"केटरिंगचा."

"म्हणजे लग्नाच्या दिवशी काय करता? पहाटेपासून सांगा."

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. किती वाजता चहा, किती वाजता जेवण, मानाचं ताट, आग्रह. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चूक माझीपण आहे." एवढी शिकलेली बाई माझ्यापुढे असं म्हणाली. मला कसंतरीच झालं. त्यांनी साखर खाली नेणारी एक गोळी बंद केली. इंजेक्शन काही दिवस थांबवलं, आणि नंतर पुन्हा अगदी थोड्या डोसपासून सुरू केलं. वाढवायची घाई नाही म्हणाल्या. प्रत्येकाला हेच लागू पडेल असं नाही. पण दिवसभराचं काम डॉक्टरला सांगा, एवढं मी कुणालाही सांगेन.

हिराशी मात्र मी एक दिवस बोललो नाही. लाज वाटायची सोडून मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "सगळ्यांच्या देखत शुगर हाय म्हनून सांगायची काय गरज हुती?"

"मंग काय सांगायचं हुतं? बुंदी वाईट हाय म्हनून?"

ती मोसंबी सोलत होती. मधेच हातातली सुरी थांबली. "तुमी पडले तवा मला मामांचा पाय दिसला," म्हणाली. आणि मग रडली. दवाखान्याच्या बाकापासून राखून ठेवलेलं सगळं रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीस वर्षांत असा कधी ठेवला असेन तर आठवत नाही.

रडून झाल्यावर मी विचारलं, "बुंदी कशी झाल्ती?"

तिने डोळे पुसले. "पाक पुढं गेल्ता, बुंदी कडक. आमटीला मीठ कमी. भाजीतला कांदा कच्चा. त्या दिशी पुऱ्यांतनं मला उठताच आलं न्हाई."

"आन् तरी सगळं खाल्लंस?"

"चवीचं बोलायची ती जागा व्हती का?"

आठ-दहा हातांवरून, पुऱ्या लाटता लाटता, धुरातून ही बाई तीस वर्षं माझ्या कढईचा वास घेत होती. मामांनी मला मारून मुटकून शिकवलेलं नाक हिला कुणी न शिकवता आलेलं होतं. आणि मला वाटत होतं, माझी विद्या माझ्याबरोबर जाणार.

*

दोन लग्नं हातची गेली. मग अण्णांनीच फोन फिरवले, की आमच्याकडच्या एकालाही साधं पोट दुखलं नाही. हळूहळू कामं परत आली.

आता चुलीपाशी आम्ही दोघं असतो. फोडणीच्या वेळी हिरा पुढे आणि मी चार पावलं मागे. पुऱ्यांची मुकादमी तिने शेजारणीकडे सोपवली. पहिल्या लग्नात काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. भाजी खाल्ल्यावर सरळ झाली. मी दर तीन तासांनी डबा उघडतो आणि चार घास खातो, मग नैवेद्य झालेला असो की नसो. मामा असते तर त्यांनी पळी फेकून मारली असती. पण मामांना मला एवढंच सांगायचं आहे, की माझे दोन्ही पाय अजून जागेवर आहेत.

मळमळ अजून येते, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी, पण आता ती आल्याचं मी मोठ्याने सांगतो. गल्लीतल्या एकाने लेकीचं वजन लग्नाआधी उतरवायचं म्हणून माझं पेन मागितलं. त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, आधी डॉक्टरकडं घेऊन जा तिला, हे काय पापड-लोणचं न्हाई वाटून खायला.

परवा मुरलीअण्णांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. तेच अंगण, तोच मांडव. स्वयंपाक आमचाच. शेवटच्या पंगतीला अण्णा आले आणि त्यांनी दोन पाट मांडले. एकावर हिराला बसवलं, एकावर मला. हिरा अवघडून गेली, पदर दोनदा सारखा केला. माझ्या ताटात एक पुरी, चमचाभर भाजी, वाटीत आमटी. माणसं उभी राहून बघत होती, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या नजरा तिच्या हातावर. तिने घास घेतला, चावला. अण्णा बुंदीचं पातेलं घेऊन ताटकळले.

"वहिनी, कसं झालंय?"

"झालंय," ती म्हणाली. "पाक जागेवर हाय."

अण्णांचा चेहरा फुलला. आग्रहाची जुनी सवय, ओंजळ भरून ते बुंदी घेऊन माझ्याकडे वळले. मी काही म्हणायच्या आत हिराने आपला डावा हात माझ्या ताटावर आडवा धरला. अण्णा थांबले, तिच्याकडे बघून हसले, आणि ती ओंजळ तिच्या ताटात रिकामी केली.